पिकअप वाहनाच्या केबिनमधील जागेचे नियोजन

भाजीपाला, फळे, दूध, पोल्ट्री, बांधकाम साहित्य आणि घरपोच माल यांची वाहतूक करणारी पिकअप वाहने आज देशाच्या सर्व भागांत दिसतात. या वाहनाचा हौदा मालासाठी असतो. केबिन मात्र चालकाचे कार्यालय, जेवणघर आणि अनेकदा शयनगृहही असते. मालाच्या पावत्या, हत्यारे, पाणी, डबा, अंथरूण, रोख रक्कम, मोबाइल आणि देवाची तसबीर या सर्वांना त्याच काही घनफूट जागेत सामावून घ्यावे लागते. ही मांडणी विचारपूर्वक केली नाही तर वेळ वाया जातो, कागद गहाळ होतात आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो. केबिनमधील जागेचे नियोजन कसे करावे, कोणते बदल करता येतात आणि कायदा कोठे आडवा येतो, याची माहिती या लेखात देण्यात येत आहे.

पिकअपच्या केबिनचा विकास

मोटारीच्या सांगाड्यावर मागे उघडा हौदा बसवण्याची पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’ या मोटारीची पिकअप आवृत्ती कारखान्यातूनच तयार करून बाजारात आणली. तिची किंमत २८१ डॉलर होती. त्या काळच्या केबिनमध्ये एक सलग बाक आणि सुकाणू एवढेच असे. सामान ठेवण्यासाठी वेगळी जागा असावी, ही कल्पनाच नव्हती.

इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९५७ मध्ये ‘ट्रॅव्हलेट’ हे दोन रांगांचे पिकअप आणले. १९७३ मध्ये डॉज कंपनीने ‘क्लब कॅब’ या नावाने, आसनामागे थोडी अधिक बंदिस्त जागा असलेली केबिन सादर केली. पुढच्याच वर्षी फोर्डने ‘सुपर कॅब’ आणली. पावसापासून आणि चोरीपासून सामान सुरक्षित राहावे, ही ग्राहकांची गरज या वाढीव केबिनमुळे काही प्रमाणात भागली. फोर्डच्या ‘एफ-१५०’ या वाहनाच्या २०२१ च्या आवृत्तीत गिअरचा दांडा आडवा करून मधल्या भागात लिहिण्यापुरते सपाट मेज तयार करण्याची सोय देण्यात आली. मागील आसनाखाली कुलूपबंद होणारा आणि नको तेव्हा घडी होणारा खणही त्यात उपलब्ध आहे.

भारतात टाटांनी १९८८ मध्ये ‘टाटा मोबाइल’ हे पिकअप आणले. २००५ मध्ये पुण्यात तयार झालेल्या ‘टाटा एस’ या छोट्या वाहनाने शहरांतर्गत मालवाहतुकीचे स्वरूप बदलले. ‘छोटा हत्ती’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. महिंद्राचे बोलेरो पिकअप, अशोक लेलँडचे ‘दोस्त’, मारुतीचे ‘सुपर कॅरी’, टाटांची ‘योद्धा’ आणि ‘इंट्रा’ ही वाहने याच वर्गातील आहेत. इसुझू ‘व्ही-क्रॉस’ आणि टोयोटा ‘हायलक्स’ या चार दारांच्या पिकअपचा वापर प्रामुख्याने प्रवासी मोटारीप्रमाणे केला जातो.

केबिनचे तीन प्रकार

नियोजनाच्या दृष्टीने केबिनचे तीन प्रकार मानता येतात. पहिल्या प्रकारात इंजिन पुढे बॉनेटखाली असते आणि आसन सलग किंवा दोन भागांत असते. बोलेरो पिकअप हे त्याचे परिचित उदाहरण. या वाहनांत आसनाची पाठ आणि केबिनची मागील भिंत यांच्यामध्ये अरुंद फट मिळते.

दुसऱ्या प्रकारात इंजिन आसनाखाली असते. टाटा एस आणि सुपर कॅरी ही वाहने या प्रकारची आहेत. आसनाखालची जागा इंजिनाची असल्यामुळे तेथे कापड, कागद किंवा प्लॅस्टिक ठेवणे धोक्याचे असते. तेल आणि पाणी तपासण्यासाठी आसन उचलावे लागते, म्हणून त्यावर किंवा त्याला अडेल असा कोणताही कायमचा खण बसवू नये.

तिसरा प्रकार दुहेरी केबिनचा. यात आसनांच्या दोन रांगा असतात. मागच्या आसनाखाली आणि त्याच्या पाठीमागे जागा असते, तथापि जॅक आणि हत्यारे ठेवण्याची कारखान्याची जागा बहुधा तेथेच असते. ती अडवली जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

मोकळी वस्तू का धोक्याची

वाहन ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना केबिनमधील प्रत्येक वस्तूही त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर या गतीने जात असते. वाहन धडकून एकाएकी थांबले तरी बांधून न ठेवलेली वस्तू त्याच गतीने पुढे जात राहते. साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, टाकलेली वस्तू जमिनीवर आदळताना एवढाच वेग गाठते. ताशी ८० किलोमीटर वेगासाठी ही उंची सुमारे २५ मीटर भरते. आसनामागच्या फळीवर मोकळा ठेवलेला पाच किलोचा जॅक चालकाच्या मानेवर किती जोराने आदळू शकतो, याची कल्पना यावरून येईल.

दुसरा धोका पायांजवळचा आहे. गडगडत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर पेडल पूर्ण दाबले जात नाही. म्हणून चालकाच्या पायांची जागा पूर्णपणे मोकळी ठेवावी. तेथे चप्पलही काढून ठेवू नये. जाड, सरकणारी चटई पेडलखाली जात असल्यास ती काढून टाकावी.

तिसरा धोका लक्ष विचलित होण्याचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. टोलची पावती किंवा चार्जर शोधण्यासाठी चालक खाली वाकला तर एवढे अंतर तो न पाहता वाहन चालवतो. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी, हा आग्रह केवळ टापटिपीचा नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२५ नुसार, चालकाच्या वाहनावरील नियंत्रणात अडथळा येईल अशा रीतीने कोणाला बसू अथवा उभे राहू देणे किंवा कोणतीही वस्तू ठेवणे यास मनाई आहे. गिअरच्या दांड्याला टेकलेली पिशवी, डॅशबोर्डवर रचलेले खोके आणि दोघांच्या आसनावर दाटीने बसवलेला तिसरा माणूस ही या तरतुदीची नेहमी दिसणारी उदाहरणे होत.

आधी मोजमाप, मग खण

कोणताही खण विकत घेण्यापूर्वी किंवा सुताराकडून करून घेण्यापूर्वी केबिन पूर्ण रिकामी करावी. निघालेल्या वस्तूंचे तीन गट करावेत. वाहन चालू असताना लागणाऱ्या वस्तू पहिल्या गटात येतात. त्या फार थोड्या असतात: मोबाइलचा स्टँड, पाण्याची बाटली, हात पुसण्याचे फडके आणि चष्मा. वाहन थांबल्यावर लागणाऱ्या वस्तूंचा दुसरा गट. त्यात कागदपत्रे, बिल्टी, पेन, डबा, औषधे आणि टॉर्च यांचा समावेश होतो. तिसऱ्या गटात क्वचित लागणारी हत्यारे, दोर, अंथरूण, सुटे बल्ब व फ्यूज आदी वस्तू येतात. महिन्याभरात एकदाही हाती न लागलेली आणि आपत्कालीन उपयोगाचीही नसलेली वस्तू घरी किंवा गोदामात ठेवणे योग्य.

यानंतर मोजमाप घ्यावे. चालकाचे आसन त्याला सोयीच्या जागी सरकवून, पाठ नेहमीच्या कोनात ठेवून मगच मागची फट मोजावी. आसन पुढे ओढून जागा मोजल्यास तयार झालेला खण आसन मागे सरकू देत नाही आणि चालकाला दिवसभर गुडघे मुडपून बसावे लागते. दार पूर्ण उघडून आणि बंद करून, काच खाली घेऊन, हँडब्रेक ओढून आणि गिअर सर्व स्थितींत टाकून हाताला काही लागत नाही ना, हे पाहावे. जुन्या पुठ्ठ्याचा नमुना कापून तो दोन-तीन दिवस जागेवर ठेवून पाहिल्यास पुढील खर्च वाचतो.

जड वस्तू खाली, हलक्या वस्तू वर आणि काचेच्या कडेपेक्षा उंच काहीही नाही, हा सर्वसाधारण नियम पाळावा. मागील खिडकीतून दिसणारा रस्ता झाकला जाऊ नये. हौद्यात माल नसताना चालकाला त्याच खिडकीचा उपयोग होतो.

कागदपत्रांची व्यवस्था

नोंदणी प्रमाणपत्र, चालक परवाना, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही मालवाहू वाहनाची मूलभूत कागदपत्रे होत. एकूण भारासह वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनांना कायद्याच्या कलम ६६ अन्वये परमिटमधून सूट आहे. त्याहून मोठ्या वाहनाला परमिटही लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार डिजिलॉकर आणि एम-परिवहन यांवरील कागदपत्रे ग्राह्य धरली जातात. मात्र मोबाइल बंद पडणे किंवा संपर्कक्षेत्राबाहेर असणे नेहमीचे असल्यामुळे छायाप्रतींचा एक संच केबिनमध्ये असावा.

मालाचे कागद वेगळे ठेवावेत. वस्तू व सेवा कर प्रणालीत ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी, काही अपवाद वगळता, ई-वे बिल लागते. आंतरराज्य वाहतुकीसाठी ही पद्धत १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली. बीजक आणि ई-वे बिलाची प्रत किंवा क्रमांक वाहनासोबत असणे आवश्यक असते. या बिलाची मुदत अंतरावर ठरते, म्हणून त्यावरील मुदतीची वेळ सहज दिसेल अशा रीतीने ते ठेवावे.

यासाठी दोन रंगांची, बटण लागणारी प्लॅस्टिकची पाकिटे पुरतात. एका पाकिटात वाहनाचे कागद, दुसऱ्यात चालू फेरीचे कागद ठेवावेत. फेरी संपताच दुसरे पाकीट रिकामे करण्याची सवय लावल्यास जुन्या पावत्यांचा ढीग साचत नाही. पाकिटे डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नयेत. टोल, वजनकाटा आणि डिझेल यांच्या पावत्या उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात आणि काही दिवसांतच वाचण्यायोग्य राहत नाहीत. हिशेबासाठी त्यांचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवणे हिताचे.

आसनाखाली आणि आसनामागे

इंजिन पुढे असलेल्या वाहनांत आसनाखाली उथळ ट्रे बसू शकतो. तो पुढच्या बाजूने पट्ट्याने अडकवलेला असावा. अन्यथा ब्रेक लागताच तो पायांकडे सरकतो. जॅक, टॉमी आणि चाकाचा पाना कारखान्याने दिलेल्या खोबणीतच स्क्रूने घट्ट बसवावेत. हत्यारे पेटीत सुटी टाकण्यापेक्षा जाड कापडाच्या, कप्पे शिवलेल्या गुंडाळीत ठेवल्यास आवाज होत नाही, जागा कमी लागते आणि एखादा पाना रस्त्यावर विसरल्यास रिकामा कप्पा लगेच लक्षात येतो. कोणताही शिंपी किंवा ताडपत्री शिवणारा कारागीर अशी गुंडाळी करून देऊ शकतो.

आसनामागच्या फटीत कठीण पेटीऐवजी भिंतीला टांगलेले कापडी खिसे अधिक उपयोगी पडतात. रेक्झिन किंवा जाड कॅनव्हासचे खिसे, वर झाकण आणि वेल्क्रोची पट्टी अशी त्यांची रचना असावी. त्यात रेनकोट, टॉवेल, हातमोजे आणि हलके दोर ठेवता येतात. जड साखळी, लोखंडी हूक आणि ओली ताडपत्री यांची जागा केबिनमध्ये नाही. त्यांसाठी हौद्याखाली किंवा हौद्याच्या पुढच्या भिंतीला कुलूप लागणारी लोखंडी पेटी असावी.

दुहेरी केबिनमध्ये मागचे आसन वर उचलून मोठी पेटी ठेवण्याकडे कल असतो. ती ठेवल्यास आसनाच्या पट्ट्याने आवळून घ्यावी. मागे माणूस बसलेला असताना त्याच्या शेजारी मोकळी जड पेटी ठेवू नये.

डॅशबोर्ड, दारे आणि छत

डॅशबोर्ड ही सामान ठेवण्याची जागा नाही. त्यावर ठेवलेली वस्तू काचेत प्रतिबिंबित होते, वळणावर घसरते आणि अपघातात चेहऱ्याच्या दिशेने येते. वाहनात एअरबॅग असल्यास तिच्या झाकणावर काहीही चिकटवू नये. देवाची छोटी तसबीर ठेवायची असल्यास ती एअरबॅगच्या झाकणापासून दूर, चालकाच्या दृष्टीआड होणार नाही अशा कोपऱ्यात पक्की चिकटवावी. आरशाला लोंबकळणारे हार आणि शोभेच्या वस्तू लक्ष वेधतात. फुलांचा हार फेरी सुरू झाल्यावर उतरवून ठेवणे चांगले.

मार्गदर्शनासाठी मोबाइल वापरण्यास नियमांत २०२० मध्ये झालेल्या सुधारणेने मुभा दिली आहे. मात्र त्यामुळे चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये, अशी अट आहे. मोबाइलचा स्टँड काचेच्या मध्यभागी न लावता डॅशबोर्डच्या खालच्या पातळीवर, हात न ताणता दिसेल अशा जागी असावा. फास्टॅगच्या जागेला आणि वायपरच्या पट्ट्याला तो अडू नये.

दाराच्या कप्प्यात एक लिटरची बाटली उभी राहते. त्याच कप्प्यात पाने-पकडी ठेवल्यास दार आपटताना त्या उडतात. छताला जाळी लावून त्यात टोपी, चादर, कागदी नकाशा असे हलके सामान ठेवता येते. छतावरील जाळीत काच, धातू किंवा भरलेली बाटली ठेवू नये. आडोशासाठी खिडक्यांना काळी फिल्म लावण्याची प्रथा होती. तथापि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर अशा फिल्मवर निर्बंध आले. विश्रांतीच्या वेळी लावायचे आणि निघताना काढायचे कापडी पडदे हा सोपा मार्ग आहे.

साहित्य आणि जोडणी

खणासाठी पाणी सोसणारे प्लायवूड घ्यावे. भुशापासून बनवलेले स्वस्त बोर्ड पावसाळ्यातील दमटपणाने फुगतात आणि त्यांतील स्क्रू सैल होतात. फळीच्या कडा गोल करून त्यांवर रबराची पट्टी बसवावी. उघड्या कडा आणि बाहेर आलेली स्क्रूची टोके साध्या हिसक्यानेही जखम करतात.

केबिनच्या तळाला किंवा मागच्या भिंतीला भोके पाडणे टाळावे. पत्र्यामागून वायरिंग किंवा इंधनाची नळी गेलेली असू शकते. भोकाच्या कडेला रंग उडतो आणि गंज धरतो. कोकण, गोवा आणि एकूणच किनारपट्टीच्या प्रदेशात हा गंज वेगाने पसरतो. आसनाच्या मूळ बोल्टचा आधार घेऊन पट्ट्या लावणे सोयीचे वाटले तरी आसनाचे बोल्ट स्वतः सैल करू नयेत. अपघातात चालकाला जागेवर धरून ठेवण्याचे काम त्याच बोल्टांचे असते. कारखान्याने दिलेले हूक, पट्टे आणि वेल्क्रो यांवरच शक्यतो भागवावे.

वीजजोडणी

बहुतेक पिकअप वाहनांची विद्युतप्रणाली १२ व्होल्टची असते, तर मोठ्या ट्रकमध्ये ती २४ व्होल्टची असते. म्हणून ट्रकसाठी घेतलेला पंखा किंवा चार्जर पिकअपला चालेलच असे नाही. लायटरच्या सॉकेटमधून सर्वसाधारणपणे १० अँपिअर, म्हणजे सुमारे १२० वॅट एवढीच वीज घेणे सुरक्षित असते. मोबाइल, छोटा पंखा आणि एलईडी दिवा एवढ्यावर चालतात. विजेची किटली किंवा शेगडी चालत नाही.

नवीन दिवा किंवा पंखा लावताना त्याची वायर स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. फ्यूज वारंवार उडत असल्यास मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावू नये. उडणारा फ्यूज वायर तापत असल्याची सूचना देत असतो. खण बसवताना वायर फळीखाली चेपली गेली तर तिचे आवरण घासून शॉर्टसर्किट होते. केबिनमध्ये रेक्झिन, फोम आणि कागद एकत्र असल्यामुळे आग काही मिनिटांत पसरते.

ऊन, पाऊस आणि उंदीर

उन्हात बंद उभ्या असलेल्या वाहनाचे अंतर्गत तापमान तासाभरात बाहेरच्या तापमानापेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते. विदर्भ, राजस्थान किंवा तेलंगणातील उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४२ अंश असता केबिन ६० अंशांच्या पुढे जाते. दाबाखाली भरलेले सुगंधी फवारे ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नयेत, अशी सूचना त्यांच्या डब्यावरच असते. लायटर, पॉवर बँक, सॅनिटायझर आणि इन्सुलिनसारखी औषधे केबिनमध्ये ठेवून वाहन सोडून जाऊ नये. डिझेलचे किंवा पेट्रोलचे कॅन आणि कीटकनाशके केबिनमध्ये कधीही ठेवू नयेत. बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवल्यास आगीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड वायूने गुदमरण्याचा धोका असतो. हा वायू वासावरून ओळखता येत नाही.

केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातील मालवाहू वाहनांच्या केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक करण्यात आले. एकूण भारासह वजन ३.५ टनांपर्यंत असलेली वाहने एन-१ वर्गात मोडतात, त्यामुळे बहुतांश लहान पिकअपना ही सक्ती लागू होत नाही. अशा वाहनांत हवा खेळती राहण्यासाठी झरोके आणि आसनामागची जागा सामानाने बुजवू नये, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

पावसाळ्यात ओले बूट आणि रेनकोट यांसाठी उंच कडांचा प्लॅस्टिकचा ट्रे वाहकाच्या बाजूला ठेवावा. धान्य, पेंड किंवा फळे वाहणाऱ्या वाहनांत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून खाद्यपदार्थ झाकणाच्या डब्यातच ठेवावेत आणि केबिन रात्री झाडून घ्यावी.

कोणता बदल कायदेशीर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत स्वरूपात फरक पाडणारा संरचनात्मक बदल, अशी ‘फेरबदला’ची व्याख्या याच कलमात दिलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा पुनरुच्चार केला. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

काढता-घालता येणारा ट्रे, कापडी खिसे, जाळी आणि पट्ट्याने बांधलेली पेटी यांमुळे वाहनाचे मूलभूत स्वरूप बदलत नाही. याउलट केबिनची मागची भिंत कापून हौद्यात झोपण्याची जागा करणे, आसने काढून टाकणे किंवा नोंदलेल्या संख्येपेक्षा जादा आसन बसवणे हे संरचनात्मक बदल आहेत. अशा बदलानंतर अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. वायरिंग तोडून केलेल्या जोडणीमुळे कंपनीची वॉरंटी नाकारली जाण्याचीही शक्यता असते.

केबिनमधील वजन वाहनाच्या एकूण भारातच धरले जाते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. उदाहरणार्थ, हत्यारे १२ किलो, पाणी १० किलो, अंथरूण व कपडे ६ किलो, ताडपत्री व दोर १५ किलो, फळ्या व खण १० किलो, अग्निशामक २ किलो आणि किरकोळ वस्तू ५ किलो धरल्यास बेरीज ६० किलो होते. भारक्षमता ७५० किलो असलेल्या छोट्या वाहनात हा ८ टक्के वाटा आहे. वीस किलोच्या क्रेटच्या हिशेबाने प्रत्येक फेरीत तीन क्रेटची जागा या सामानाने घेतलेली असते. कलम १९४ नुसार अतिभारासाठी २० हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद असल्याने वजनकाट्यावर हा फरक महाग पडू शकतो.

आपत्कालीन वस्तूंची जागा

अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, धोकासूचक त्रिकोण आणि टॉर्च या चार वस्तू इतर कोणतेही सामान न हलवता हाती आल्या पाहिजेत. अग्निशामक आसनाखाली गाडून ठेवण्याऐवजी दाराजवळ, त्याच्या पकडीत उभा बसवावा. बाहेर उभे राहून दार उघडल्यावरही तो काढता आला पाहिजे, कारण आग लागल्यावर चालक आधी खाली उतरतो. दाबदर्शक काटा हिरव्या भागात आहे की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावे.

धोकासूचक त्रिकोण आणि चमकणारे जाकीट चालकाच्या दाराच्या बाजूला असावे. महामार्गावर रात्री बंद पडलेल्या वाहनाजवळ, हौद्यातील सामान उपसत उभे राहणे अत्यंत धोक्याचे असते. प्रथमोपचार पेटीत चालकाची नेहमीची औषधे, त्याचा रक्तगट आणि घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. आपत्कालीन सेवेचा ११२ आणि राष्ट्रीय महामार्गांवरील मदतीचा १०३३ हे क्रमांक सनव्हायझरच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहून चिकटवावेत. चालक बेशुद्ध असल्यास मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला हीच माहिती उपयोगी पडते.

रोख रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये. टोल आणि चहापाण्याची किरकोळ रक्कम वेगळी, भाड्याची रक्कम कुलूपबंद खणात आणि तोही बाहेरून दिसणार नाही असा असावा. वाहन सोडताना मोबाइलचा रिकामा स्टँडही काढून ठेवल्यास चोराचे लक्ष कमी वेधले जाते.

रात्रीच्या फेरीसाठी एक नमुना

कोकणातून वाशीच्या बाजारात आंबा घेऊन जाणाऱ्या किंवा नाशिकहून भाजीपाला नेणाऱ्या, एकेरी केबिनच्या पिकअपची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल. चालकाच्या दारात पाण्याची बाटली आणि फडके. डॅशबोर्डच्या खालच्या पातळीवर मोबाइलचा स्टँड. वाहकाच्या समोरील बंद कप्प्यात कागदपत्रांची दोन पाकिटे, पेन आणि चष्मा. चालकाच्या दाराशेजारी अग्निशामक, त्याच्या मागे त्रिकोण आणि जाकीट. आसनामागच्या कापडी खिशांत रेनकोट, चादर आणि टॉर्च. वाहकाच्या पायांजवळ, भिंतीला बांधलेल्या पेटीत जेवणाचा डबा. हत्यारांची गुंडाळी आसनाखालील बांधलेल्या ट्रेमध्ये. दोर, साखळी आणि ताडपत्री हौद्याबाहेरील लोखंडी पेटीत. चालकाच्या पायांजवळ आणि गिअरच्या भोवती काहीही नाही.

ही मांडणी सर्वांना जशीच्या तशी लागू होणार नाही. दूध वाहणाऱ्या चालकाला फेरीत तीस ठिकाणी थांबून नोंदी कराव्या लागतात. त्याला पट्टीला बांधलेली वही हाताशी हवी. वीज किंवा नळजोडणीची कामे करणाऱ्या कारागिराला सुट्या भागांचे छोटे डबे लागतात. त्याने त्यांवर बाहेरून नावे लिहावीत. एकच वाहन दोन चालक पाळीपाळीने चालवत असल्यास जागा दोघांनी मिळून ठरवाव्यात आणि त्यांची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावावी.

फेरीपूर्वीची तपासणी

मांडणी कितीही चांगली असली तरी ती आठवड्यात विस्कटते. त्यामुळे प्रत्येक फेरीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात: पेडलभोवती काही आहे का, आसनामागे मोकळी जड वस्तू आहे का, दोन्ही बाजूचे आरसे आणि मागची खिडकी स्पष्ट दिसते का, अग्निशामक व त्रिकोण जागेवर आहेत का, विमा, योग्यता आणि प्रदूषण प्रमाणपत्रांची मुदत शिल्लक आहे का, चालू फेरीचे बीजक आणि ई-वे बिल पाकिटात आहे का, सीटबेल्टचे कुलूप सामानाखाली दबलेले नाही ना. या तपासणीला पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा केबिन रिकामी करून झाडल्यास सैल झालेले पट्टे, घासलेल्या वायरी आणि गंजाचे डाग वेळीच नजरेस येतात.